८६४१९७५३२ : नऊ कार्डांतून आलेला हा आकडा योगायोग आहे का?

शिकवणीताई_चिपळूण

नमस्कार मंडळी. मी चिपळूणला घरच्या पडवीत पाचवी ते आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. शिक्षण बी.कॉम., पण आकड्यांची ओढ लहानपणापासूनची. परवा शिकवणीत एक आकडा समोर आला आणि तो काही डोक्यातून जाईना, म्हणून इथे विचारते.

मंगळवारी संध्याकाळी पावसाने लाइट गेली. इन्व्हर्टरवर एकच दिवा, त्यात मुलांना वहीतलं दिसेना. मग मी अंककार्डं काढली. ही मी घरीच केलेली आहेत: जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापायच्या आणि जाड मार्करने आकडे लिहायचे. एका संचात १ ते ९, प्रत्येक अंक एकदाच. शून्याची कार्डं वेगळ्या डबीत असतात. असे चार संच आहेत.

सुरुवातीला ६१७४ ची गंमत केली. मुलांनी ५, २, ८, १ हे अंक सांगितले. मोठ्यातली मोठी संख्या ८५२१, लहानातली लहान १२५८, वजाबाकी ७२६३. पुन्हा तेच: ५२६५, मग ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या वेळेला ६१७४. तिथून पुढे ७६४१ − १४६७ केलं की परत ६१७४. मुलं खूश झाली.

एवढ्यात सहावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, सगळीच कार्डं घेतली तर?" आणि तिने फरशीवर मांडायला सुरुवातही केली. वरच्या ओळीत ९८७६५४३२१, खाली दुसऱ्या संचाने १२३४५६७८९. उत्तर मांडायला तिसरा संच घेतला. एककाला १ मधून ९ जात नाहीत, दशक उसना घेतला, ११ मधून ९ गेले, उरले २. तिने २ चं कार्ड ठेवलं. पुढे ११ मधून ८, ३ चं कार्ड. १२ मधून ७, ५ चं. १३ मधून ६, ७ चं. १४ मधून ५, ९ चं. इथपर्यंत प्रत्येक घराला उसनं घ्यावं लागलं. पुढे ५ मधून ४ सरळ गेले, १. मग ४, ६ आणि शेवटी ८.

उत्तर आलं ८६४१९७५३२. तिने हात मागे घेतला तेव्हा तिसऱ्या संचातलं एकही कार्ड उरलेलं नव्हतं आणि एकही कमी पडलेलं नव्हतं! वहीत केलं असतं तर हे कदाचित माझ्या लक्षातही आलं नसतं. कार्डं एकेकच असल्यामुळे ते डोळ्यांसमोर दिसलं. १ ते ९ मधून १ ते ९ वजा केले आणि उत्तरही १ ते ९ चंच. म्हणजे पुन्हा मोठ्यातून लहान वजा करा, परत हेच येणार.

रात्री मी एकटीच बसून पाहत होते, तेव्हा आणखी एक दिसलं. उजवीकडून वाचलं तर २, ३, ५, ७. एक अंकी मूळ संख्या चारही, तेही क्रमाने.

मला विचारायचंय ते असं. हा निव्वळ योगायोग की यामागे कारण आहे? या आकड्याला काही नाव आहे का, गणितात तो कोणत्या प्रकारात बसतो? आणि चार अंकी संख्या जशी ६१७४ ला पोचते, तशी नऊ अंकी संख्या इथे पोचते का? मुलीला मी "शोधून सांगते" म्हटलंय आणि तिने ते लक्षात ठेवलंय.

बोरीचा_बंडू

ताई, हा कापरेकर स्थिरांक आहे. ६१७४ चाच नऊ अंकी भाऊ म्हणा. कोणतीही नऊ अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. फिरून फिरून शेवटी ८६४१९७५३२ लाच येते.

रात्रपाळी_पुणे

बंडूभाऊ, पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं नाही. तीन अंकांत सगळ्या संख्या ४९५ ला आणि चार अंकांत ६१७४ ला पोचतात हे खरं, पण नऊ अंकांत तसं होत नाही. नऊ अंकांत स्वतःपाशीच थांबणाऱ्या संख्या दोन आहेत. एक ताईंची, दुसरी ५५४९९९४४५. ताळा करून बघा: ९९९५५५४४४ − ४४४५५५९९९ = ५५४९९९४४५.

शिवाय काही संख्या कुठेच थांबत नाहीत. ८६५२९६४३२ घ्या. तिच्यातून ७६३१९७६३३ येते, मग ८४४२९६५५२, मग ७६२०९८७३३, आणि असं करत चौदाव्या वजाबाकीला तुम्ही परत ८६५२९६४३२ वर. हे चक्र कायम फिरत राहतं, त्यातून ८६४१९७५३२ कधीच येणार नाही. मी आत्ता कागदावर चौदाच्या चौदा पायऱ्या करून मगच लिहितोय. ताई, मुलांना "सगळ्या इथेच येतात" असं सांगू नका. एखादा करून बघेल आणि त्याला वाटेल आपलंच चुकलं.

बोरीचा_बंडू

मान्य, चूक माझी. चार अंकांचं ठाऊक होतं, तेच नऊला लावून मोकळा झालो. चक्राच्या पहिल्या पाच पायऱ्या मीही केल्या, बरोबर आहेत. ताई, माझं उत्तर धरू नका.

देवळालीचे_मास्तर

ताई, तुमचा धागा वाचून फार आनंद झाला. मी निवृत्त शिक्षक, गणितच शिकवलं, आणि राहतो देवळालीला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर याच देवळालीत १९३० ते १९६२ शाळेत शिक्षक होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. ६१७४ बद्दल त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. तोवर सारं आयुष्य शाळेच्या फळ्यापाशीच गेलं होतं. तुमच्या पडवीतली ती मुलगी जे करत होती तेच ते करत होते, म्हणून मला हे उत्तर नीट, सावकाश लिहायचं आहे.

आधी कारण. ९८७६५४३२१ आणि १२३४५६७८९ या एकमेकींच्या उलट संख्या. वजाबाकी करताना मधलं घर सोडलं, तर टोकांच्या जोड्या लागतात. ९ आणि १ यांतला फरक ८, ८ आणि २ यांतला ६, मग ७ आणि ३ चा ४, ६ आणि ४ चा २. मधले ५ आपापसांत कटतात. आता प्रत्येक जोडी वजाबाकीत किती भर घालते ते बघा. पहिल्या जोडीचा ८ डावीकडच्या टोकाला मिळतो आणि उजवीकडच्या टोकाला जातो, म्हणजे ८ × (१०००००००० − १), म्हणजे ८ × ९९९९९९९९. दुसरीचे ६ × ९९९९९९०. तिसरीचे ४ × ९९९९००. चौथीचे २ × ९९०००.

आता नऊ मोजा. पहिल्यात आठ नऊ आहेत आणि गुणायचंय ८ ने. दुसऱ्यात सहा नऊ, गुणायचंय ६ ने. तिसऱ्यात चार नऊ, ४ ने. चौथ्यात दोन नऊ, २ ने. बेरीज मांडून बघा:

७९९९९९९९२
+ ५९९९९९४०
+ ३९९९६००
+ १९८०००
= ८६४१९७५३२

मी हे आज सकाळी मांडलं आणि चहा गार झाला तरी बघत बसलो. इतकी वर्षं शिकवलं, हे असं मांडून कधी पाहिलं नव्हतं.

यातून आणखी एक हाती लागतं. ९९, ९९९९, ९९९९९९, ९९९९९९९९ या सगळ्यांना ९९ ने भाग जातो. म्हणून तुमच्या आकड्यालाही ९९ ने भाग जाणारच: ९९ × ८७२९२६८. विषम संख्येइतके अंक असलेली कोणतीही संख्या घ्या, उलटून लिहा, मोठीतून लहान वजा करा, उत्तराला ९९ ने भाग जातोच. मुलांना करायला द्या, त्यांच्या आवडीचे पाच अंक घेऊन.

आता उसन्याचा भाग, जो तुम्ही इतका छान लिहिला आहे. जोड्यांच्या फरकांना अ, ब, क, ड म्हणा. ड शून्य नसेल, तर उत्तराचे अंक डावीकडून नेहमी असेच पडतात: अ, ब, क, ड−१, ९, ९−ड, ९−क, ९−ब, १०−अ. मध्ये नेहमी ९, कारण मधल्या घराने उजवीकडे उसनं दिलेलं असतं आणि डावीकडून घेतलेलं असतं. ८, ६, ४, २ घाला: ८, ६, ४, १, ९, ७, ५, ३, २. या सगळ्यांची बेरीज करा, अ, ब, क, ड कटून जातात आणि ४५ उरतात. पुण्याच्या मित्राने दिलेल्या ७६३१९७६३३ ची बेरीज करा, तीही ४५.

म्हणजे उत्तर असं दिसतं याला पक्कं कारण आहे. उजवीकडून २, ३, ५, ७ येतात ते मात्र दहाच्या पद्धतीत लिहिल्यामुळे जुळलेलं. ७, ५, ३ हे ९ मधून २, ४, ६ वजा करून आलेले आणि २ हा १० मधून ८. मूळ संख्यांशी त्याचा संबंध नाही. सुंदर दिसतं, एवढंच त्याचं म्हणणं.

आता "कोणत्या प्रकारात बसतो". कापरेकरांच्याच तीन कसोट्या लावू.

हर्षद संख्या हे नाव त्यांनीच दिलं, आनंद देणारी या अर्थाने. अंकांच्या बेरजेने संख्येला भाग गेला पाहिजे. इथे बेरीज ४५, आणि ४५ ने भाग जायचा तर शेवटी ० किंवा ५ हवा. शेवटी २ आहे. तेव्हा हर्षद नाही.

कापरेकर संख्या ही निराळी चीज, तिची स्थिरांकाशी गल्लत करू नका. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. तुमच्या आकड्याचा वर्ग करायची गरजच नाही. वर्गाचे दोन तुकडे, उजवा नऊ अंकांचा, मिळून मूळ संख्या व्हायची असेल तर संख्या आणि तिच्याहून एक ने लहान संख्या यांच्या गुणाकाराला ९९९९९९९९९ ने भाग जायला हवा, म्हणजे ८१ ने तर जायलाच हवा. ८६४१९७५३२ ला २७ ने भाग जातो, ८१ ने जात नाही. एकाने लहान संख्येला ३ नेही जात नाही. तेव्हा कापरेकर संख्या नाही.

तिसरी माझ्या गावाची. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या तयार होते. जिला असा कोणी जनक नाही ती स्वयंभू. तिलाच देवळाली संख्या म्हणतात. मला मनापासून वाटत होतं की तुमचा आकडा देवळालीचा निघावा. जनक असलाच तर त्यालाही ९ ने भाग जायला हवा आणि त्याच्या अंकांची बेरीजही ९ च्या पटीत हवी. म्हणून ९-९ ने मागे जात गेलो. ९ मागे ८६४१९७५२३, बेरीज ४५, हवी होती ९. १८ मागे, बेरीज ४५. २७ मागे, ४५. ३६ मागे, ५४. ४५ मागे ८६४१९७४८७, बेरीज ५४, हवी होती ४५. ५४ मागे ८६४१९७४७८, बेरीज ८+६+४+१+९+७+४+७+८ = ५४. सापडला! ८६४१९७४७८ + ५४ = ८६४१९७५३२. पुढे ८१ पर्यंत जाऊन पाहिलं, दुसरा नाही. एकच जनक आहे, म्हणून देवळाली संख्या नव्हे. थोडी हळहळ वाटली, पण जनक सापडला तेव्हा मजाही तितकीच आली.

शिकवणीताई_चिपळूण

सर, काय लिहू कळत नाही. आठ नऊ गुणिले आठ, सहा नऊ गुणिले सहा… हे मी कालच फळ्यावर मांडलं. बेरीज करायला आठवीतला मुलगा उठला होता, पण हातचे इतके लागले की शेवटी सगळ्यांनी मिळून केली. ८६४ दिसायला लागले तसा आवाज वाढत गेला, शेजारच्या काकी बघायला आल्या.

बंडूभाऊ, मनाला लावून घेऊ नका, मलाही तसंच वाटलं होतं. रात्रपाळी, ते चक्र दोन मुलांना दिलंय. अकराव्या पायरीवर आहेत.

रात्रपाळी_पुणे

थोडी भर घालतो. मूळ अवयव: २ × २ × ३ × ३ × ३ × ११ × १८१ × ४०१९. म्हणजे एकूण विभाजक ९६. सरांचा ९९ यातच दिसतो, ३ × ३ × ११.

स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा जास्त होते, म्हणजे ही विपुल संख्या आहे. त्याला ९६ विभाजक लिहून काढायला नकोत. ६ ने भाग जातो, तेव्हा निम्मे, तिसरा हिस्सा आणि सहावा हिस्सा हे तिन्ही विभाजक: ४३२०९८७६६ + २८८०६५८४४ + १४४०३२९२२. बेरीज नेमकी ८६४१९७५३२. चौथा हिस्सा, १, २, ११ वगैरे अजून बाकीच आहेत. मुलांना भाकरीवर दाखवता येईल.

आणखी एक. १२३४५६७८९ × ७ = ८६४१९७५२३. शेवटचे दोन अंक बघा. तुमच्या आकड्यापेक्षा बरोबर ९ ने कमी, नुसते २ आणि ३ जागा बदलून बसलेत. कारण ९८७६५४३२१ म्हणजे १२३४५६७८९ ची आठपट अधिक ९. एक पट वजा केली की सातपट अधिक ९ उरते. आणि तुमच्या आकड्याची दुप्पट करा: १७२८३९५०६४. त्यात ० ते ९ दहाही अंक एकेकदा आहेत.

सर, तुम्ही जनक शोधलात ते वाचून मीही प्रोग्रॅम बंद करून हाताने केलं. ९-९ ने मागे जायची युक्ती मला सुचली नसती.

देवळालीचे_मास्तर

दुप्पट मी पाहिलीच नव्हती. वहीत लिहून ठेवली.

ताई, मुलीला एक काम द्या. मधलं ५ चं कार्ड काढून तिथे ४ किंवा ६ ठेवायचं आणि तीच वजाबाकी करायची. उत्तर बदलतं का ते तिने स्वतः बघावं, तुम्ही आधी सांगू नका.

शिकवणीताई_चिपळूण

सांगितलं नाही. दुसऱ्या संचातलं ६ आणून तिने ९८७६६४३२१ मांडलं, खाली १२३४६६७८९. तेच उत्तर! मग "मधलं कार्ड काय असतं त्याने फरकच पडत नाही" हे ती आम्हा सगळ्यांना समजावत होती.

त्यानंतरचं तिचं तिनेच केलं. ९ चं कार्ड बाजूला ठेवलं आणि डबीतून शून्य आणलं. ८७६५४३२१० − ०१२३४५६७८. उत्तर परत ८६४१९७५३२. पण आता ते मांडायला ९ हवा आणि तो तर तिने काढून ठेवलेला. ती म्हणाली, "बाई, उत्तर तेच आहे, पण आता घरातलं नाही राहिलं." मला हे वाक्य फार आवडलं, म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

मग आठच कार्डं, १ ते ८. ७५३०८६४३ आलं. शून्य लागलं, ३ दोनदा लागला, १ आणि २ उरले. जमलं नाही. थोडी हिरमुसली.

आणि काल तिने नऊ कार्डं आणि शून्य, अशी दहा घेतली. ९८७६५४३२१० − ०१२३४५६७८९. पडवीत जागा पुरेना म्हणून उंबऱ्याच्या आत ओळ गेली. उत्तर ९७५३०८६४२१. कार्डं मांडत गेली तशी बाकीची मुलं आपल्या हातातली उरलेली मोजत होती. शेवटचं १ ठेवलं आणि हात रिकामे!

ती दहा कार्डं तिने सेलोटेपने भिंतीला चिकटवली आहेत, काढायची नाहीत म्हणाली. पाचवीच्या मुलांसाठी आता नवा संच कापायला हवा. पत्रिका कपाटात भरपूर आहेत.